फायबर दारापर्यंत आले असताना केवळ वायरलेसवर विसंबणे कितपत योग्य?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती इंटरनेटचे दर आणि वेग यांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे वाचकांची जी पत्रे प्रसिद्ध होत आहेत, त्यांपैकी बहुतेकांनी मोबाईल टॉवरवरून घरात येणारी वायरलेस सेवा आणि तारेने येणारी फायबर सेवा यांना एकाच मापाने मोजले आहे. ते माप म्हणजे जाहिरातीत छापलेला मेगाबिटचा आकडा. दोन्हीकडे १०० एमबीपीएस मिळत असतील तर भिंतीला भोके कशाला पाडायची, असा त्यांचा सूर आहे. हाच सूर आता ठाणे-कल्याण पट्ट्यातील अनेक गृहनिर्माण सोसायट्यांच्या कमिट्यांनीही धरला असून, ‘आता हवेतून नेट येते’ या एका वाक्यावर फायबर टाकणाऱ्यांना जिन्याच्या डक्टमध्ये, म्हणजे वायरी नेण्याच्या पोकळीत, प्रवेश नाकारण्याचे ठराव होऊ लागले आहेत. दूरसंचार क्षेत्रात केबल जोडणीच्या कामात आयुष्याची बरीच वर्षे घालवल्यामुळे या तुलनेत काय सुटते आहे, हे सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

आपल्या देशात ५जी सेवेचा आरंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला आणि त्यानंतर वर्षभराच्या आतच ती घरगुती इंटरनेट म्हणून विकली जाऊ लागली. एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई आणि दिल्लीत, तर जिओने त्याच वर्षी १९ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबई-पुण्यासह आठ शहरांत ही सेवा सुरू केली. दोन्ही कंपन्यांनी तिच्या नावात ‘फायबर’ हा शब्द ठेवला, आणि ग्राहकाच्या मनातील पहिला घोळ तिथेच सुरू होतो, कारण टॉवर ते घर या शेवटच्या टप्प्यात फायबर कुठेच नसते. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक ५जी अँटेना बसवतात, तिच्यातून वायर घरात घेऊन राउटरला जोडतात. त्यातही एक बारकावा असा की, अशा काही जोडण्या ५जीवरही चालत नाहीत, तर परवाना न लागणाऱ्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील रेडिओवर चालतात. हा पट्टा आणि आपल्या घरोघरच्या वायफायचा एक पट्टा एकच आहे. आपल्या गच्चीवर नेमके कोणते यंत्र बसले आहे, हे बसवणाऱ्याला विचारल्याशिवाय ग्राहकाला कळत नाही, आणि विचारण्याचे त्याच्या सहसा मनातही येत नाही.

आता क्षमतेकडे वळू. २०२२ च्या स्पेक्ट्रमच्या, म्हणजे रेडिओ लहरींच्या, लिलावात जिओ आणि एअरटेल या दोन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येकी सुमारे १०० मेगाहर्ट्झ इतक्या लहरी घेतल्या, आणि शहरांतील ५जीचा मुख्य भार याच पट्ट्यावर आहे. टॉवरभोवतीचा परिसर साधारणपणे तीन दिशांत विभागलेला असतो. अशा एका दिशेला या लहरींतून एकंदरीत काही शे मेगाबिट, फार तर गिगाबिटच्या आसपास वेग मिळतो, आणि त्या दिशेला असलेले सगळे मोबाईल, सगळी घरे, रस्त्याने जाणारी सगळी माणसे तो वाटून घेतात. दुपारी तीन वाजता वेग तपासला तर आकडा डोळे दिपवणारा येतो. रात्री नऊ वाजता, घरोघरी टीव्ही सुरू झाल्यावर, त्याच खुर्चीत बसून तोच आकडा पाहावा. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर उभे राहून फोन लावण्याचा प्रयत्न ज्यांनी केला आहे, त्यांना टॉवर भरून जाणे म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगायला नको. घरगुती ग्राहकांसाठी नेटवर्कचा एक भाग राखून ठेवण्याची सोय नव्या तंत्रात आहे आणि ती कामाचीही आहे. तथापि एकूण लहरी तेवढ्याच राहतात, म्हणजे एकाला राखून दिले की दुसऱ्याचे कमी होते.

फायबरमध्ये वाटणी नसतेच, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडे सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत काचेच्या एका तंतूवरून ग्राहकाकडे सुमारे अडीच गिगाबिट आणि ग्राहकाकडून सव्वा गिगाबिट वाहतात; हा तंतू स्प्लिटरमधून, म्हणजे प्रकाश वाटून देणाऱ्या लहान डबीतून, ३२ किंवा ६४ घरांना फुटतो. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने डाउनलोड सुरू केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७७-७८ मेगाबिट येतील. प्रत्यक्षात तसे जवळजवळ कधीच होत नाही, आणि ही ३२ घरे ठरलेली असतात. रस्त्यावरून मिरवणूक गेली म्हणून त्यांची तेहेतीस होत नाहीत. शिवाय उद्या वापर वाढला तर कंपनीला दोन्ही टोकांची यंत्रे बदलून त्याच तंतूवर १० गिगाबिट देता येतात, भिंतीतील वायरला हातही लावावा लागत नाही. लहरींच्या बाबतीत अशी वाढ करायची तर नवा लिलाव हवा किंवा नवा टॉवर हवा, आणि नव्या टॉवरला आपल्या सोसायट्यांचा किती विरोध असतो, हे सांगायला नको.

जाहिरातीत कधीच ठळक न छापली जाणारी गोष्ट म्हणजे अपलोड. ५जीच्या या पट्ट्यात येण्या-जाण्याला एकच लहर वेळ वाटून वापरली जाते आणि त्यातील बराचसा वेळ डाउनलोडसाठी राखलेला असतो. त्यातच घरावरच्या अँटेनाची शक्ती टॉवरच्या मानाने अगदीच क्षीण. त्यामुळे खाली येताना १०० असणारा वेग वर जाताना दहा-वीसवर घसरणे, यात नवल काहीच नाही. आपल्याकडच्या बहुतेक फायबर योजनांत हा वेग दोन्ही दिशांना सारखा असतो. केवळ सिनेमे आणि मालिका पाहणाऱ्याला या फरकाची झळ लागणार नाही. पण घरून शिकवण्या घेणारी शिक्षिका, नकाशांच्या जड फायली पाठवणारा आर्किटेक्ट, एक्स-रे आणि स्कॅन पाहून अहवाल देणारा डॉक्टर, किंवा परदेशातील नातवंडांशी दर रविवारी तासभर बोलणारे आजी-आजोबा, या सगळ्यांचे काम अपलोडवर चालते. आपल्याला समोरचा स्वच्छ दिसतो आणि त्याला मात्र आपला चेहरा चौकोनी ठिपक्यांचा दिसतो, अशी तक्रार असेल तर दोष बहुधा तिथेच असतो. त्याच्याच जोडीला पिंगचा, म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेचा, प्रश्न येतो. फायबरवर शहरातल्या शहरात तो काही मिलिसेकंदांचा आणि स्थिर असतो, तर वायरलेसवर सहसा वीस ते चाळीसच्या दरम्यान हेलकावे खातो. बोलताना शब्द एकमेकांवर आदळतात ते या हेलकाव्यांमुळे, वेग कमी असल्यामुळे नव्हे.

डेटाच्या मर्यादेचा हिशेब करून पाहणेही उद्बोधक ठरेल. प्रमुख कंपन्यांच्या फायबर योजनांत महिन्याला साधारण ३३०० जीबीची मर्यादा असते आणि वायरलेस योजनांत ती साधारण १००० जीबीची असते. ४के दर्जाचे चित्र ताशी सुमारे ७ जीबी खाते. एका घरात एका टीव्हीवर रोज चार तास असे चित्र पाहिले, तर महिन्याचे ८४० जीबी झाले. मुलांचे खेळ, फोनचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप अजून मोजायचाच आहे. साध्या एचडीवर भागवणाऱ्या घराला मात्र हजार जीबी भरपूर होतात, हेही तितकेच खरे. किमतीचे म्हणाल तर वायरलेस सेवा सुरू झाली त्या सुमारास एकाच कंपनीची ३० एमबीपीएसची फायबर योजना ३९९ रुपयांपासून होती आणि तितक्याच वेगाची वायरलेस योजना ५९९ पासून; १८ टक्के जीएसटी धरून अनुक्रमे सुमारे ४७१ आणि ७०७ रुपये. महाग योजनेत वाहिन्या आणि ओटीटी ॲप यांची भर होती, हे मान्य. पण ज्या घरात त्या वाहिन्या कोणी पाहत नाही, त्या घराने हवेसाठी तारेपेक्षा जास्त पैसे मोजले, असाच त्याचा अर्थ होतो.

वायरलेसचा अनुभव घराघरांत किती बदलतो, याची कल्पना एकाच इमारतीत राहूनही येत नाही. ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे नऊ सेंटिमीटर. सळ्यांनी भरलेली काँक्रीटची भिंत आणि धातूचा पातळ लेप असलेली गडद काच या लहरीला चांगलीच अडवतात, म्हणूनच अँटेना बाहेर लावावी लागते. पूर्वेकडच्या फ्लॅटला टॉवर समोर दिसतो आणि पश्चिमेकडच्याला शेजारचा नवा ‘टॉवर’, म्हणजे तीस मजली इमारत. दोघांची योजना एक, बिल एक, अनुभव मात्र दोन. पावसाच्या सरींचा या पट्ट्याला फारसा त्रास नाही; तो ५जीच्याच वरच्या २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला अधिक होतो. परंतु भिजलेल्या पानांचा मात्र होतो, आणि एप्रिलमध्ये पर्णहीन गुलमोहराच्या आडून उत्तम चालणारी जोडणी जुलैत का रडते, याचे उत्तर पुष्कळदा त्या झाडातच असते. कोकणात तर दऱ्याखोऱ्यांतल्या वाड्या आहेत; टॉवर सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, आणि घरे खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी. तेथे माडाच्या उंचीएवढा खांब उभारून अँटेना लावणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्या चिकाटीचे कौतुकही केले आहे.

फायबरच्या बाजूने एवढे लिहिल्यावर त्याची दुखणी झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. गटाराच्या कामासाठी आलेला जेसीबी, घुशी, आणि सोफा भिंतीला घट्ट टेकवण्याचा घरमालकाचा हट्ट, हे त्याचे तीन मोठे शत्रू. काचेच्या तंतूची जाडी आवरणासकट १२५ मायक्रॉन, आणि वायर तीव्र कोनात वाकली की प्रकाश त्या वळणातून बाहेर गळतो. घरातल्या पांढऱ्या डब्यावर ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा लुकलुकू लागला की प्रकाश येणे बंद झाले, असे समजावे. राउटर दहादा बंद-चालू करून काहीही होणार नाही. तंत्रज्ञ आला की तो एक लहान मीटर लावून ‘पॉवर’, म्हणजे घरापर्यंत पोचलेल्या प्रकाशाची ताकद, बघतो. आकडा उणे १८ ते उणे २२ डीबीएमच्या आसपास असेल तर जोडणी ठणठणीत; उणे २७ च्या पुढे, म्हणजे उणे २८-२९ कडे, गेला की आज ना उद्या ती बंद पडणार. हा आकडा ग्राहकाने स्वतः विचारून घ्यावा आणि जोडणीच्या दिवशीच लिहून ठेवावा, कारण पुढे कधी वाद झाला तर तोच आपला पुरावा असतो. खरी अडचण तंतू तुटण्याची नसून तो जोडायला येणाऱ्या माणसाची असते. जोडयंत्र घेऊन येणारा कुशल माणूस एका भागात एकच, शनिवार-रविवार जोडून आले की तक्रार सोमवारवर जाते. वायरलेसमध्ये ही कटकट कमी, कारण बिघडण्यासारखे घराबाहेर फारसे काही नसतेच. मात्र टॉवरवर काही झाले तर आपल्या हाती वाट पाहण्यापलीकडे काही उरत नाही.

वीज गेली की काय, हा प्रश्न आपल्याकडे विचारलाच पाहिजे. फायबरच्या वाटेवर कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत सहसा विजेवर चालणारे काहीच नसते. घरच्या डब्याला १२ व्होल्टचा लहानसा यूपीएस जोडला की दोन-तीन तासांच्या भारनियमनात काम अडत नाही. वायरलेसला घरीही वीज लागते आणि टॉवरलाही. टॉवरची बॅटरी आणि डिझेल किती वेळ पुरेल, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. मोठ्या आपत्तीत मात्र दोघांचीही परीक्षा होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा या भागांत विजेचे खांब आडवे झाले, खांबांवरून नेलेल्या केबल त्यांच्याबरोबर गेल्या, आणि मोबाईलचे टॉवरही मुके झाले. त्यावर उपाय म्हणजे तंतू जमिनीखाली आणि दोन वेगळ्या वाटांनी नेणे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या ज्या सुधारित भारतनेट, म्हणजे गावोगावी फायबर नेण्याच्या, कार्यक्रमाला मंजुरी दिली, त्यात ग्रामपंचायतींना अशाच कड्याच्या रचनेने, म्हणजे एक बाजू तुटली तर दुसरीकडून सेवा चालू राहील अशा रीतीने, जोडण्याचे योजले आहे. २०११ मध्ये मूळ योजना मंजूर झाल्यापासून अनेक ग्रामपंचायतींच्या कार्यालयांपर्यंत फायबर आले आणि तिथल्या कपाटातच राहिले, शेजारच्या घरात गेले नाही. ‘गावात आता ५जी आहे’ या सबबीवर हे शेवटचे काही शे मीटर पुन्हा राहून गेले, तर ते कोकणाला आणि मराठवाड्याला परवडणारे नाही. ज्या टॉवरच्या भरवशावर हे म्हटले जाते, त्या टॉवरांपैकी मोठा हिस्सा अजूनही फायबरने जोडलेला नाही, ही बाब तर कोणी बोलतच नाही. टॉवरलाच अरुंद वाटेने इंटरनेट मिळत असेल तर त्याखालच्या घरांना रुंद वाट मिळणार कोठून?

याचा अर्थ वायरलेस घेऊच नये, असा नाही. अकरा महिन्यांच्या कराराने राहणारे भाडेकरू, ज्यांचा घरमालक भिंतीला खिळाही ठोकू देत नाही; पुनर्विकासामुळे दोन-तीन वर्षांसाठी दुसरीकडे गेलेली कुटुंबे; ज्यांच्या वाडीत फायबर यायला अजून अवकाश आहे असे ग्रामस्थ; सुट्टीतच उघडले जाणारे गावचे घर, अशांसाठी ही सेवा खरोखरच वरदान आहे, आणि तीन-चार वर्षांपूर्वी जिथे काहीच मिळत नव्हते तिथे आज मुले ऑनलाइन वर्गाला बसतात, ही लहान गोष्ट नव्हे. एकट्याने राहणाऱ्या विद्यार्थ्याला तर फोनचा हॉटस्पॉटही पुरतो. फक्त ‘अमर्याद’ ५जीच्या अटी वाचल्या तर तीही महिन्याला साधारण ३०० जीबीपर्यंतच अमर्याद असते, एवढे ध्यानात ठेवावे. ज्यांची रोजीरोटी घरातल्या इंटरनेटवर आहे त्यांनी फायबर मुख्य ठेवून हॉटस्पॉट आडवेळेला राखावा, असे माझे मत आहे. दोन्ही जोडण्या एकाच कंपनीच्या घेणे टाळावे, कारण कंपनीचे केंद्रच बंद पडले तर दोन्ही एकदमच जातात.

माझा आक्षेप आहे तो कमिट्यांच्या ठरावांना. एखाद्या केबलचालकाशी किंवा कंपनीशी संधान बांधून इतरांना डक्ट बंद करायचा, बदल्यात कमिटीच्या कार्यालयाला आणि फाटकावरच्या कॅमेऱ्यांना फुकट इंटरनेट मिळवायचे, आणि सभासदाने जाब विचारला की ‘तुम्ही हवेतले घ्या की’ असे उत्तर द्यायचे, ही पद्धत आता रूढ होऊ पाहते आहे. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीच्या दर्जानुसार तारांकन देण्याचे विनियम केले. ते ऐच्छिक आहेत, त्यामुळे जुन्या सोसायट्या त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पुनर्विकासाचे करार सध्या धडाक्याने होत असताना सभासदांनी पार्किंग आणि कार्पेट क्षेत्रफळाबरोबरच प्रत्येक सदनिकेपर्यंत रिकामी पाइप आणि एकाहून अधिक कंपन्यांना पुरेल एवढा डक्ट करारनाम्यात लिहून घ्यावा. भिंत बांधताना याचा खर्च नगण्य असतो, बांधून झाल्यावर मात्र तो कोणीच करायला तयार होत नाही.

कंपन्यांकडूनही दोन गोष्टींची अपेक्षा आहे. ट्रायच्या सेवा-दर्जाच्या नव्या विनियमांची अंमलबजावणी १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली आणि त्यांनुसार मोबाईल कंपन्यांना आपल्या जाळ्याचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. परंतु नकाशावर आपले घर रंगीत दिसले म्हणून आपल्या खिडकीत रात्री नऊ वाजता काय मिळेल, हे कळत नाही. घरगुती वायरलेस विकताना त्या पत्त्यावरचा गर्दीच्या वेळेचा डाउनलोड आणि अपलोडचा अपेक्षित वेग लेखी द्यावा, आणि जोडणी ५जीवर आहे, परवानामुक्त पट्ट्यावर आहे की खरोखरीच्या फायबरवर, हे बिलावर मराठीत स्पष्ट छापावे, अशी सक्ती ट्रायने करावी. तोपर्यंत ग्राहकांनी वर्षाचे पैसे एकदम भरून जोडणी शुल्क वाचवण्याच्या मोहात न पडता आधी महिन्याची योजना घ्यावी, आणि ती शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये, झाडे भिजलेली असताना, घ्यावी.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)